बंदुकीचा वाटा

रावजीची बंदूक आणि रावजीची काडतुसं कधी एका छपराखाली झोपली नाहीत. बंदूक रावजीच्या माजघरात खुंटीला, आणि काडतुसं दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या काशीरामच्या घरी, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. ही व्यवस्था रावजीच्या आईची, येसूबाईची. रावजीचा बाप म्हणजे जमदग्नी. बांधावरून भांडण झालं तेव्हा सख्ख्या भावावर त्याने बंदूक रोखली आणि चाप ओढलान. आत काडतूस नव्हतं, नुसतं खट् झालं, म्हणून घर वाचलं. त्याच संध्याकाळी येसूबाईने डबा उचलला आणि शेजारी नेऊन दिला. "गडगा ओलांडीपर्यंत तरी राग उतरंल," म्हणाली. पुढे बाप गेला, आई गेली, परवाना रावजीच्या नावावर झाला. राग तर नावावर करून घ्यावाच लागला नाही, तो रक्तातच होता. म्हणून डबाही जिथे होता तिथेच राहिला, काशीरामच्या बापाकडून काशीरामकडे.

कायद्यात हे बसत नाही, हे रावजीला ठाऊक होतं. काडतुसं परवानेवाल्याच्याच ताब्यात हवीत. पण कायदा राहतो तालुक्याला आणि राग राहतो घरात, असं त्याचं गणित. मागच्या नूतनीकरणाला फौजदारांनी बजावलं होतं, एका काडतुसाचा जरी घोळ निघाला तरी परवाना रद्द. रावजी हसला होता. घोळ आणि आपल्याकडे? प्रत्येक उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी तो त्याच डब्यात आणून टाकायचा. आणि परवाना गेला तर खायचं काय? डोंगराला लागून त्याची भाताची खाचरं, अख्ख्या वाडीत परवान्याची बंदूक एकच. ती गेली तर ते शेत रानडुकरांना आंदण दिल्यासारखंच.

काशीरामवर त्याचा जीव. दोघं एकाच दिवशी शाळेत गेले आणि एकाच दिवशी शाळेतून पळाले. गेल्या शिमग्याला काशीरामचा जावई बाबल्या बुरोंडीहून आला होता, चार दोस्तांबरोबर रानात गेला आणि डुक्कर घेऊन उतरला. घरटी वाटे झाले. आमच्याकडे रीत अशी, की मटणाचा वाटा सगळ्यांना सारखा, पण मुंडी बंदूकवाल्याची. ती मुंडी काशीरामने स्वतः रावजीच्या पडवीत आणून ठेवली.

"अरे, माझी बंदूक तर खुंटीला होती," रावजी म्हणाला.

"म्हणून काय झालं? मान तुझा," काशीराम म्हणाला.

रावजीला काय आनंद झाला! आठ दिवस येईल-जाईल त्याला सांगत होता, दोस्त असावा तर असा.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात निवडणूक लागली आणि हुकूम आला, परवान्याच्या बंदुका काडतुसांसकट ठाण्यात जमा करा. रावजीकडे जुनी जीप होती, अलोऱ्याच्या प्रकल्पाच्या लिलावात घेतलेली. ती निम्मी रॉकेलवर आणि निम्मी शिव्यांवर चालायची. सकाळी त्याने बंदूक सांध्यात मोडून नळीतून आभाळ पाहिलं, आत काही नाही याची खात्री केली, गवसणीत घालून दोरीने बांधली आणि मागच्या बाकाखाली आडवी ठेवली. परवाना खिशात. सगळं कसं कायद्याने.

"डबा आज तरी तुमच्याकडं घ्या," बायको तुळसा म्हणाली. "आनि मोजून घ्या."

"काश्याचा डबा मोजू? उद्या देवळातला देव मोजायला सांगशील!"

"देव हलत नाय," तुळसा म्हणाली आणि आत गेली.

काशीराम डबा घेऊन आला आणि पुढच्या सीटवर बसला. जीप आल्यापासून बंदुकीची तपासणी असो की नूतनीकरण, रीत हीच. बंदूक मागे, डबा पुढे काशीरामच्या मांडीवर. आज मात्र तो गप्प होता. रावजीने विचारलं, काय रे, वहिनीने चहा दिला नाय काय? काशीराम हसला नाही. पित्त झालंय, म्हणाला.

सावर्ड्याच्या अलीकडे रस्त्यावर बांबू आडवा होता. निवडणुकीची तपासणी. हवालदार म्हातारा, शांत माणूस होता. त्याने परवाना वाचला, गवसणी सोडली, बंदुकीचा नंबर ताडला आणि मान डोलावली.

"असं आणावं. रिकामी, मोडलेली, बांधलेली. लोक भरलेली घेऊन फिरतात हो. काडतुसं?"

रावजीने अभिमानाने काशीरामच्या मांडीकडे बोट केलं. हवालदाराची मान डोलायची थांबली.

"हे तुमच्याजवळ हवं. तुम्ही कोण?" त्याने काशीरामला विचारलं.

"मी शेजारी," काशीराम म्हणाला. "बाजाराला चाललो होतो, वाटेत बसलो. डबा ह्यांचा. ह्यांनी धरायला दिला म्हणून धरला."

रावजीने वळून पाहिलं. ह्यांनी? जन्मात काशीरामने त्याला अहो-जाहो केलं नव्हतं. पोलिसांना बघून घाबरला असेल बापडा, असं त्याने मनाला समजावलं.

हवालदाराने जीपच्या बॉनेटवर पंचा पसरला आणि डबा उपडा केला. परवान्यावर खरेदी पंचवीस. पुंगळ्या सहा. भरलेली काडतुसं एकोणीस हवीत.

निघाली चौदा.

हवालदाराने परत मोजली. रावजीने मोजली. जीपखाली वाकून पाहिलं, सीटखाली चाचपलं. डब्याला भोक आहे काय, तेही पाहिलं. येड्यासारखा! चौदाच.

"पाच कुठे गेली?" हवालदाराने विचारलं.

रावजी काशीरामकडे बघत राहिला. काशीराम रस्त्याकडेच्या वडाकडे बघत होता, जणू आयुष्यात पहिल्यांदाच वड दिसला. तेव्हा रावजीच्या डोळ्यांपुढे मुंडी आली. पडवीत केळीच्या पानावर ठेवलेली, बाबल्याने मारलेल्या डुकराची मुंडी. बाबल्याकडे परवाना नव्हता. त्याच्याकडे कुणाची तरी चोरटी बंदूक होती, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. त्या बंदुकीला काडतुसं कुठून आली, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

ठाण्यात फौजदारांनी समोर बसवलं. काशीराम दारात उभा होता.

"डबा कुठे ठेवता?" फौजदारांनी विचारलं.

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं, तर तीस वर्षं काडतुसं परक्या घरात ठेवली म्हणून परवाना जाणार, वर काशीरामच्या आणि बाबल्याच्या हातात बेड्या. खोटं सांगावं, तर पाच काडतुसं आपणच कुणाला तरी विकली असा अर्थ. एकच माणूस सोडवू शकत होता. रावजीने दाराकडे पाहिलं आणि वाट पाहिली. फौजदारांनी दोनदा टाक शाईत बुडवला. मेल्या, एक शब्द! एक शब्द बोल, मग आपण दोघं मिळून काय ते भोगू.

काशीरामने पायातली वहाण सरळ केली.

"माझ्याकडंच," रावजी म्हणाला. "घरी."

"मग पाच काडतुसं?"

"सांगता येत नाय."

तेवढं लिहून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली. बंदूक जमा, काडतुसं जमा, परवानाही टेबलाच्या खणात. पुढे चौकशी होईल, फौजदार म्हणाले, पण आशा ठेवू नका. रिकामा डबा तेवढा परत दिला.

परतताना सावर्डं मागे पडल्यावर रावजीने जीप कडेला घेतली.

"मागितली असतीस तर पाच काय, धा दिली असती."

"परवानेवाला तू," काशीराम म्हणाला. "दिली नसतीस. जावई हटून बसला, मी काय करू? आनि तुझं बुडवलं नाय मी. मुंडीचा वाटा पोचवला का नाय तुला? तू खाल्लास का नाय?"

असं म्हणाला! केसाने गळा कापावा आणि वर म्हणावं, केस चांगल्या तेलाचा होता. बापाचा हात त्याच्या हातात येऊन बसला, स्टिअरिंगवर आवळला गेला. मागच्या बाकाखाली नजर गेली. तिथे नुसती दोरी पडली होती.

बरं झालं, त्याने मनात म्हटलं, बंदूक ठाण्यात आहे.

गडग्यापाशी जीप थांबली. काशीराम उतरला आणि सवयीने हात पुढे केलान.

"दे डबा. ठेवतो."

डबा काखेत मारून रावजी सरळ घरात गेला आणि खुंटीखाली, बंदुकीच्या रिकाम्या जागी, ठेवला. तुळसा चुलीपुढून उठून आली.

"अवो, डबा घरात? सासूबाईंनी सांगून ठेवलंय ना?"

"आईला माझ्या रागाची भीती होती गो," रावजी म्हणाला. तो खुंटीखाली भिंतीला टेकून बसला. "ती माझ्यापासून काश्याला वाचवीत होती. काश्यापासून मला वाचवायचं तिला सुचलंच नाय."