मुठीतलं मीठ

"अरे, एवढं पातेलं कुणासाठी? फौज जेवायला येणार आहे का?" ताईनं झाकण उचलून विचारलं.

तिचा भाऊ ओशाळला. घरात माणसं दोन, तो आणि ही थोरली बहीण, आणि भाजी शिजली होती वीसेक जणांना पुरेल एवढी. "मीठ जुळवायला गेलो, ताई, तर भाजी वाढली," तो म्हणाला.

उभी हयात त्यानं कारखान्याच्या खानावळीत आचारी म्हणून काढली होती. तिथं मीठ मुठीनं पडायचं आणि तिन्ही पाळ्यांची माणसं बोटं चाटत उठायची. मग बायको गेली आणि वर्षाच्या आत कारखान्यालाही टाळं लागलं. रिकाम्या खोलीत भिंतींशी किती बोलणार? ट्रंक उचलून तो गावी ताईच्या दारात येऊन उभा राहिला. ताईनं काही विचारलं नाही. "हातपाय धू," एवढंच म्हणाली. लहानपणी तो शाळेतून आला की म्हणायची, अगदी तसंच.

बसून खायचं नाही म्हणून त्यानं चूल हाती घेतली आणि तिथंच गाडं अडलं. डोळ्यांना दोन माणसं दिसत, पण हाताला अजून कारखानाच दिसे. ताई बिचारी ब्र न काढता जेवायची आणि मग दुपारभर तांब्या तांब्या पाणी प्यायची. आज मिठाच्या मापानं भाजी करून पाहिली, तर हे असं.

"उद्याची पहिली गाडी धरतो," तो म्हणाला. "इथं माझा काय उपयोग? अन्नाची नासाडी तेवढी." ट्रंक त्यानं सकाळीच भरून दारात ठेवली होती.

ताईनं रश्शात बोट बुडवून चाटलं. "मीठ बरोबर आहे. माणसं कमी पडलीत."

पदर खोचून ती तरातरा कुंपणाशी गेली, तसा त्याचा जीव वरखाली झाला. कुंपणापलीकडे धाकट्या भावाचं घर. वडील गेल्यावर शेताच्या बांधावरून ताईचं आणि धाकट्याचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून समोरासमोर आली तरी दोघं आभाळाकडे बघत जायची. आधी बोलेल तो हरला, असा मामला.

"ए धाकट्या!" ताईनं हाक मारली. "जेवायला ये. बायकोपोरांना आण, कापणीची माणसंही आण. आमच्याकडे भाजी जास्त झालीय."

पलीकडे विळ्याला धार लावणं थांबलं. मग धाकट्याचा आवाज आला, "दादानं केलीय का?"

"नाहीतर काय मी? माझ्या हातचं खाऊन वैतागलेलाच आहेस तू!"

अंगणात पंगत बसली. धाकटा खाली मान घालून जेवत होता. "दादा, मीठ झकास पडलंय हं," तो म्हणाला. मग मान वर न करता त्यानं ताट पुढं केलं. "ताई, भात वाढ की." ताईनं वाढला, तो पुरे पुरे म्हणेपर्यंत वाढला.

हात धुताना धाकट्यानं फर्मान काढलं, "कापणी संपेपर्यंत माणसांचं जेवण दादाकडे. त्याला कुठंही जाऊ द्यायचं नाही."

सगळे पांगल्यावर आचारी एकटा पातेल्याशी बसला. तळाला एकाच माणसापुरतं उरलं होतं. त्याला बायको आठवली. संसारभर तिनंच रांधलं. 'दोघांचं मला जमत नाही,' म्हणून तो हात झटकायचा, आणि ती हसत म्हणायची, 'मग मला कारखान्यात तरी लावा, म्हणजे तुमच्या हातचं खायला मिळेल.' त्यानंही ते हसण्यावारी नेलं. चार माणसं घरी बोलवायची, एवढंच तर करायचं होतं. ते त्याला कधी सुचलंच नाही, आणि आता खायला ती नव्हती.

"अरे, ही ट्रंक माळ्यावर टाक आधी," ताई आतून ओरडली. "येताजाता पायात येते."

"आलो," तो म्हणाला, पण लगेच उठला नाही. उरलेली भाजी त्यानं ताटात काढली आणि सावकाश जेवला, शेवटी ताट बोटानं पुसून घेतलं.