रिकामा फाटा

जिन्यातला दिवा गेला होता. कधी गेला ते कोणालाच आठवत नव्हतं, कारण ज्याच्या त्याच्या लक्षात आलं, त्यानं त्यानं ते दुसऱ्या कोणावर तरी सोडून दिलं होतं. इमारतीतली सगळी शहाणी माणसं मोबाइलचा उजेड पाडत, भिंतीला हात लावत वर चढायची आणि दारात पोचली की म्हणायची, "काय हे! कोणीतरी बघायला पाहिजे." वाचकहो, आपल्याही जिन्यात असा एखादा दिवा आहे का, ते जरा आठवून बघा आणि मग पुढे वाचा.

या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा गृहस्थ कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारी ऐकायला होता. ऐकायला म्हणजे फक्त ऐकायलाच. "हा विभाग आमच्याकडे येत नाही, मी फोन जोडून देतो," हे त्याचं वाक्य. दिवसभर तो फोन जोडून देई. पलीकडे तो कोणी उचलला, की तसाच वाजत राहिला, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो, दमलेला होता. संध्याकाळी घरी आला की बुटांसकट खुर्चीत बसायचा आणि बायकोनं काहीही विचारलं तरी "हं" म्हणायचा. त्या "हं"वरच त्यांचा संसार चालला होता.

बायको पाळणाघर चालवायची. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून तीही पिळून निघायची. पण तिच्यात अजून थोडी धुगधुगी होती. डोंगरवाटांवर सायकली चालवणाऱ्या गावातल्या क्लबाची बातमी तिनंच आणली.

"रविवारी जाऊ या का रे?"

"रविवारी तरी मला झोपू दे."

"झोपून तुझा थकवा जातोय कुठे? उठतोस तेव्हा जास्तच दमलेला दिसतोस."

यावर तो "हं" म्हणाला. जाड टायरांच्या दोन जुन्या सायकली आल्या आणि नवराबायको रविवारी डोंगरात जायला लागले.

क्लबाचा म्होरक्या होता एक दाढीवाला छपाईवाला. आणि सगळ्यांत मागे असायच्या निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई. त्यांना सगळे प्रेमानं "शेपूट" म्हणायचे आणि त्याही खुशाल ओ द्यायच्या. क्लबाचा नियम एकच होता. वाट फुटून वळायचं असलं की म्होरक्याच्या मागच्या माणसानं फाट्यावर उतरून उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवायचं आणि शेपूट येऊन गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. फाट्यावर कोणीच नसेल, तर मात्र डोळे मिटून सरळ जायचं. "म्हणजे खरोखर मिटायचे नाहीत," असं म्होरक्या दर रविवारी सांगे आणि दर रविवारी एकटाच हसे.

त्या रविवारी म्होरक्याच्या मागे आपला तक्रारवाला होता. वरच्या पठारावर वाट फुटली. डावीकडची रमतगमत खाली गावाकडे जाणारी, सरळ जाणारी बंद पडलेल्या खाणीत उतरणारी. म्होरक्यानं हात केला, "तुम्ही थांबा इथं. सगळ्यांना डावीकडे घाला." आणि तो निघून गेला.

तो थांबला. वारा बोचत होता, घाम अंगावर गार पडत होता, पोटात कावळे ओरडत होते. एकेक सायकल आली, त्यानं एकेकाला डावीकडे घातलं. मग एक घोळका आला. तेव्हा तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. नुसता हात वर केला. घोळक्यात बायकोच्यासारखं निळं जाकीट दिसलं. गेली वाटतं, असं त्याला वाटलं. क्लबात निळी जाकिटं बरीच होती, पण हाक मारून बघायचाही त्याला कंटाळा आला.

नंतर बराच वेळ कोणी आलं नाही. आता राहिली फक्त शेपूट, तो मनाशी म्हणाला. तिला तर इथला दगड न् दगड पाठ आहे, तिच्यासाठी काय थांबायचं! आणि तो सायकलवर बसून निघाला. खरं सांगायचं तर त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. रोज ऑफिसात फोन जोडून दिल्यावर वाटायचं तसंच, सुटल्यासारखं वाटलं.

खाली सगळे टेकले. पाठीवरच्या पिशव्या उतरल्या, डबे उघडले. बायको असेल इथंच कुठेतरी, म्हणून तक्रारवाल्यानंही आपला डबा काढला. शेवटी एका गड्याचं पंक्चर काढून देऊन, त्याला घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. हेल्मेट काढता काढता त्यांनी तक्रारवाल्याला विचारलं, "तुमची बायको कुठे आहे? पंक्चर काढायला वेळ लागेल म्हणून मी तिला पुढे पाठवलं होतं."

त्यानं तिथली निळी जाकिटं एकेक करून पाहिली, त्यांत ती नव्हती. डॉक्टरीणबाईंना वाटेवरही ती दिसली नव्हती!

तो आणि डॉक्टरीणबाई उलटे वर चढले. चढावर तो सायकल ढकलत धावत होता, छाती फुटायची वेळ आली होती. एरवी दमलो दमलो म्हणणारा माणूस आज ते म्हणायलाही थांबला नाही. फाट्यावरून ते सरळ उतरले. खाणीच्या तोंडाशी ती सापडली. एका दगडाला टेकून बसली होती. सायकलचं पुढचं चाक वाकलं होतं, कोपर सोललं होतं आणि डावं मनगट तिनं उजव्या हातानं धरून ठेवलं होतं. तिच्यापासून थोड्याच अंतरावर वाट संपत होती आणि खाली नुसता खड्डा होता.

डॉक्टरीणबाईंनी हात तपासला. "मोडलंय. पण बोटं हलताहेत. बाकी ठीक आहे." गळ्यातला रुमाल सोडून त्यांनी हात बांधला.

"फाट्यावर कोणी नव्हतं," बायको म्हणाली. "म्हणून सरळ आले."

 त्याला गप्प राहून निभावून नेता आलं असतं. फाट्यावर कोणाला उभं केलं होतं हे बायकोला कुठे ठाऊक होतं!

"मी होतो तिथं," तो म्हणाला. "मी निघून गेलो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. चिडलीसुद्धा नाही ती. "फाट्यावर येऊन मी क्षणभर थांबले होते," ती म्हणाली. "म्हटलं, आज तू पुढे होतास. तुला उभं केलं असतं, तर तू थांबलाच असतास. मी मागे आहे हे तुला माहीत होतं ना. म्हणजे इथं कोणाला उभं केलंच नसणार. म्हणून मी निर्धास्त सरळ आले."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आत प्लास्टर घालत होते तेव्हा तो आणि डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या बाकावर बसले होते. "मी फार दमलो होतो हो, डॉक्टर," तो म्हणाला. दुसरं त्याला काही सुचलं नाही.

"सगळेच दमलेत," बाई म्हणाल्या. "ती नव्हती दमली? अहो, ऑपरेशन झालं की सर्जन हातमोजे काढून जायचे. नातेवाईक बाहेर त्यांचेच आभार मानायचे. मी आत, पेशंटच्या उशाशी. तो डोळे उघडून नाव सांगेपर्यंत हलायची सोय नाही. जीव जायचा कंटाळ्यानं! घरी पोरं वाट बघत असायची, पाय सुजलेले असायचे."

"मग कशा थांबायचात?"

"मी उठले असते, तर बाकीच्यांना वाटलं असतं की पेशंट जागा झाला. माझी रिकामी खुर्ची बघूनच त्यांनी तसं ठरवलं असतं. दमलेल्यानं खुशाल बसावं, रजा घ्यावी, 'आज मला जमणार नाही' म्हणून सरळ सांगावं. त्यात लाज कसली? पण एकदा जागा घेतली की न सांगता उठू नये. तुम्हाला वाटलं, मी गेलो म्हणजे तिथं काहीच उरलं नाही. रिकामा फाटा गप्प बसत नाही हो. तो सांगतो, सरळ जा."

 नुसते जोडून देऊन सोडलेले किती फोन त्याला आठवले.

घरी आले तेव्हा जिन्यात अंधार होता. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात मोबाइल, आता भिंतीला लावायला बायकोकडे हात कुठून येणार? ती पहिल्या पायरीशी उभी राहिली. त्यानं तिला धरून वर नेलं आणि तसाच बुटांसकट खाली उतरला. कोपऱ्यावरच्या दुकानातून दिवा आणला, शेजाऱ्यांचं स्टूल मागितलं, दिवा फिरवून बसवला. लख्ख उजेड पडला! एवढंसं काम होतं ते! एवढ्याशा कामासाठी सगळी इमारत इतके दिवस चाचपडत होती आणि त्यात तोही होता.

सोमवारी ऑफिसात एका आजीबाईंचा फोन आला. यंत्रातून पाणी गळून घरभर झालं होतं. त्यानं फोन जोडला, पण या वेळी ठेवून दिला नाही. पलीकडे घंटा वाजत राहिली. कोणी उचललंच नाही. "आजी, मी लाइनवर आहे," तो म्हणाला आणि उठून स्वतः दुरुस्ती विभागाच्या खोलीत गेला. तिथं सगळे डबे उघडून बसले होते, त्यातल्या एकाला त्यानं उठवून फोनवर आणलं. त्या दिवशी त्याला स्वतःचं जेवण जेवायला उशीर झाला, शेजारच्या टेबलावरून टोमणेही ऐकावे लागले. थकवा काही कमी झाला नाही. उलट वाढलाच.

घरी बायको बरेच दिवस कामापुरतंच बोलली. त्यानं "हं" म्हणणं सोडलं होतं, पण तिची उत्तरं आता त्रोटक झाली होती. प्लास्टर निघालं. एका रविवारी सकाळी तिनं आपणहून हेल्मेट हुडकून काढलं. कुठे जायचं ते त्यानं विचारलं नाही.

पठारावरच्या फाट्यावर म्होरक्यानं हात करायच्या आधीच तो उतरला. "मी थांबतो." वारा तसाच बोचत होता, पोटात तेच कावळे होते. सायकली येऊन गेल्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून त्यानं हाक मारली. मग बराच वेळ कोणी आलं नाही. मोबाइल त्यानं खिशातच राहू दिला. पाय दुखायला लागले, तसा या पायावरून त्या पायावर भार देत तो उभा राहिला.

शेवटी बायको आली. सावकाश, ब्रेकवर बोटं ठेवून. लांबूनच तिनं त्याला पाहिलं. थांबली नाही, काही विचारलं नाही, सरळ जाणाऱ्या वाटेकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. तो होता तिथून ती डावीकडे वळली आणि वळता वळता म्हणाली, "शेपूट मागे आहे अजून. येऊ नकोस लगेच."

"नाही येत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायला त्याला भरपूर वेळ होता.

वाचकहो, दमायचा हक्क आपल्या सगळ्यांना आहे. पण आपण ज्या फाट्यावर उभे आहोत, तिथून न सांगता निघून जायचा हक्क कोणालाच नाही. आपल्या मागून कोणीतरी येत असतं, आणि आपण तिथं असूच, असं धरून येत असतं.