अडकलेली पट्टी

धाकटा आता चव्वेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावर केस कमी आणि कपाळावर आठ्या जास्त, पण घरात अजून धाकटाच. दिवसभर एका कचेरीत दुसऱ्यांचे संगणक सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात पट्टी. पट्टी म्हणजे लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीच्या डेस्कटॉपसाठी त्याने लिहिलेलं एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम. ते चालू केलं की सगळा पडदा मंद व्हायचा आणि माउसचा बाण असेल तिथली एकच ओळ उजळ राहायची. बाण खाली न्या, पट्टी खाली. बस्स, एवढंच. चार वर्षांपूर्वी ते त्याने ताईसाठी केलं होतं. ताई मुद्रितशोधक, छापखान्याची पुस्तकं छपाईआधी तपासायची. डोळ्यांनी दगा दिल्यापासून तिला ओळी एकमेकींत मिसळलेल्या दिसायच्या. पट्टी होती म्हणून तिचं काम होतं. पट्टी गेली की काम गेलं.

फुकटची वस्तू, आणखी तीनेकशे लोकांनी उचलली, आणि धाकट्याच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. डेस्कटॉपवाले दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढणार. प्रत्येक एक्स्टेंशनसोबत एक चिमुकली फाइल असते. ते कोणकोणत्या आवृत्त्यांवर चालतं त्यांचे आकडे तिच्यात लिहायचे. नवा आकडा नसला की डेस्कटॉप त्याला दारातच उभं करतो. मग तीनशे लोक विचारणार, कधी येतंय, कधी येतंय. कुणी आभार मानेल तर शपथ!

खरी रीत अशी की नवी आवृत्ती आपल्या मशीनवर चढवायची, एक्स्टेंशन चालवून बघायचं आणि मगच आकडा घालायचा. पण खरी रीत पाळतो कोण? आकडा घालायचा, पाठवून द्यायचं, हात झटकायचे. धाकट्याने तीनदा असंच केलं होतं आणि तीनदा निभावलंही होतं. या सोमवारी सकाळी त्याने चौथ्यांदा तेच केलं.

खरं म्हणजे त्याला वीट आला होता. हा शेवटचा आकडा, यापुढे पट्टी बंद, असं त्याने ठरवून टाकलं आणि लोकांचे निरोप उघडणंही सोडून दिलं. ताई अठ्ठावन्नची झाली, तिने तरी किती दिवस डोळे फोडायचे? पण हे फोनवर सांगणं बरं नव्हे. म्हणून गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून तो तिच्याकडे गेला.

दार लोटलेलंच होतं. ताई टेबलाशी पाठमोरी, नाक पडद्याला टेकेल इतकी पुढे वाकलेली. तो हाक मारणार तेवढ्यात त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं. सगळं मंद, आणि उजळ पट्टी अगदी वर, कडेला चिकटून बसलेली. ताईने माउसचं चाक एक खाच फिरवलं. पान एका ओळीने वर सरकलं आणि ती ओळ पट्टीत आली. ताईने वाचली. पुन्हा एक खाच, पुढली ओळ.

"ताई, हे काय चाललंय?"

"अगंबाई! केव्हा आलास? बस, चहा टाकते."

"चहा राहू दे. पट्टी हलत नाही?"

"हलते की," ताई म्हणाली, आणि खोटं जमेना म्हणून हसली. "सोमवारी दुपारपासून जरा वरच बसलीय. पट्टी खाली येत नाही, तर मी पान वर नेते. माझं काही अडत नाही."

"किती पानं होतात अशी?"

"एरवी पन्नास व्हायची दिवसाला. आता पंधरा-वीस."

"आणि द्यायचंय कधी?"

"उद्या संध्याकाळी. साठ उरलीत. उशीर झाला तर पुढलं पुस्तक दुसऱ्याकडे देईन म्हणालेत मालक."

डेस्कटॉपची काय, पट्टीची काय, नवी आवृत्ती येईल तशी आपोआप चढावी, अशी सोय ताईच्या संगणकावर त्यानेच करून दिली होती. "ऊठ, मला बसू दे," तो म्हणाला.

तासाभरात दुखणं सापडलं. बाण कुठे आहे हे विचारायची जुनी पद्धत डेस्कटॉपवाल्यांनी या वेळी मोडीत काढली होती. पट्टी विचारत होती, उत्तर येत नव्हतं, म्हणून बिचारी वरच थांबून राहिली होती. एकदा, फक्त एकदा चालवून बघितलं असतं तरी कळलं असतं. त्याने स्वतःला चार शेलक्या शिव्या घातल्या, नव्या पद्धतीने लिहिलं, या वेळी चालवून बघितलं, आणि बाकीच्या तीनशे जणांसाठीही पाठवून दिलं.

ताईने बाण हलवला. "अय्या, पळतेय की!"

"मला का नाही सांगितलंस? एका फोनचं काम होतं."

"पट्टीचं नाव काढलं की तुझा सूर बदलतो, धाकट्या. तुला कळत नसेल, मला कळतो. म्हटलं, वर तक्रार केली तर वैतागून बंदच करशील."

धाकट्याला मान वर करवेना. तेच तर सांगायला आला होता तो. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"आणखी काही बिघडलेलं आहे का तिच्यात?" त्याने कसंबसं विचारलं.

"छे, काही नाही," ताई म्हणाली, पण हात मात्र कीबोर्डशेजारच्या वहीवर गेला. त्याने ती हळूच ओढून घेतली. तीस वर्षं चुका टिपणारा हात तो, ऐकणाऱ्याची वाट थोडीच बघणार! तारीखवार, क्रमांक घालून, मोठमोठ्या अक्षरांत चार वर्षांच्या चुका लिहिलेल्या होत्या. बारीक टाइप असला की पट्टीत दीड ओळ दिसते. पान मोठं केलं की पट्टी मागे राहते. तळटीप आली की डोळ्यांपुढे लखलखतं. एकसष्ट चुका, आणि त्यातली एकही त्याच्या कानावर आलेली नव्हती. शेवटची सोमवारची होती: 'पट्टी वर अडकली. धाकट्याला सांगू नये. दमलाय तो.'

त्याने ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, ते त्याने पुसले नाहीत. मग फोन काढून उद्याही येत नाही म्हणून कचेरीत कळवलं, ताईच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि पहिल्या चुकीवर बोट ठेवलं.

"तुझी पानं चालू दे, आणि वाचता वाचता ही कशी होते, करून दाखव," तो म्हणाला.