हिरामणच्या होडीतला हुंकार

आगरदांड्याच्या बंदरावर त्या सकाळी शे-दीडशे माणसं उभी होती आणि एकही बोलत नव्हतं. सगळ्यांचे कान हिरामणच्या होडीकडे लागले होते. इंजिन चालू होतं. रंगू भगत त्याच्यावर वाकून, इंजिनातून बाहेर आलेल्या नळीला बांधलेल्या लाल फडक्यावर हात ठेवून विचारत होता, "अंबाजी, तू हायस का?"

"हूंऽऽ..."

इंजिनाच्या धडधडीखालून कुणीतरी कण्हलं. लांब, खोल, माणसासारखं. चाळीस वर्षं मी इंजिनं उघडतोय, तरी माझ्याही अंगावर काटा आला.

हिरामणचा धाकटा भाऊ अंबाजी मे अखेरच्या वादळात याच होडीवरून गेला. लाट आत शिरली, होडी अर्धी भरली. बाकीचे वाचले, तो सापडलाच नाही. होडी ओढून आणून पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारून ठेवली. नारळी पौर्णिमेनंतर इंजिन सुरू केलं, तेव्हापासून ते धूर ओकत होतं आणि कण्हत होतं. धुरासाठी हिरामणने मला मुरुडहून बोलावलं. कण्हण्यासाठी भगताला.

"एक हुंकार म्हंजे व्हय, गप म्हंजे न्हाय!" भगत गर्दीला समजावत होता. "आत्म्याची भाषा सोपी हाय, कान पायजे! अंबाजी, बायकोला बोलावतोस?"

"हूंऽऽ..."

मेल्यावर अंबाजी भारीच आज्ञाधारक झाला होता. भगताने विचारल्याशिवाय ब्र काढत नव्हता.

मग निकाल लागला. उद्या ओहोटीला अंबाजीच्या बायकोनं, जनीनं, खाडीच्या तोंडाशी छातीभर पाण्यात उभं राहायचं. तो येऊन भेटेल, मग होडी सोडून जाईल. ओहोटीला तिथली ओढ कशी असते, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. हिरामण खाली मान घालून उभा राहिला.

जनी म्हणाली, "जाईन मी. त्यो मना बोलावतोय."

मी होडीत चढलो. "भगत, मलाही अंबाजीला एक विचारायचंय. तुम्ही जरा हात मागं घेऊन बाजूला उभे राहा."

"संशयी मानसापुढं आत्मा बोलत न्हाय!"

"समदचाचा, नको," हिरामण पुटपुटला. "कोप व्हईल."

जनी पुढे आली. "विचारू दे त्यांना. माजा नवरा कुनाला भ्यायचा न्हाय."

भगत मागे सरला.

"अंबाजी, जनीला पाण्यात बोलावतोस का?"

इंजिन नुसतं धडधडत राहिलं. मी पुन्हा विचारलं. काही नाही. मग मी लाल फडकं सोडलं. आत, नळीच्या तोंडात, जत्रेत पोरं वाजवतात ती पिपाणी खोचलेली होती. नळीच्या बाजूला एक चीर होती. चिरेवर अंगठा दाबला की सगळी हवा पिपाणीतून जायची. मी दाबला.

"आता सांग अंबाजी, मुरुडच्या बाजारात कांदा स्वस्त झाला का?"

"हूंऽऽ..."

गर्दीत कुणीतरी हसलं. जनीकडे लक्ष गेलं तसं ते हसू तिथंच विरलं.

भगत दिघीच्या फेरीबोटीच्या दिशेने चालू लागला होता. जनीचे डोळे मात्र नळीवर खिळले होते. "आन पयला आवाज, चाचा? भगत यायच्या आदीचा? त्यो तर मी सोता आयकलाय."

ती खोटं बोलत नव्हती. मी म्हणालो, "माझ्या कारखान्यात ये. इंजिन तिकडे नेतोय, उघडून दाखवतो."

दोन दिवसांनी ती आणि हिरामण मुरुडला आले. मी इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं झाकण, काढून ठेवलं होतं. "सिलिंडरमध्ये नख फिरव," मी म्हटलं. तिचं नख ठिकठिकाणी अडलं. गंजाचे खड्डे, ओरखडे, वरच्या कडेला झिजून पडलेली पायरी.

"वादळात खारं पाणी आत शिरलं आणि अडीच महिने कुणी काढलं नाही. सिलिंडर खाल्लं गेलं. त्यावर इंजिन चालवलं, तेव्हा पिस्टनच्या रिंगा घासल्या. जळलेली हवा त्यांच्या फटीतून खाली गळते आणि या नळीतून बाहेर पडते. नळी चिरलेली. म्हणून कण्हणं. भगताने फडकं गुंडाळून ते दाबलं होतं."

"म्हंजे त्याच दिसाचं पानी?"

"त्याच दिवसाचं."

तिने सिलिंडरमध्ये हात घातला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

चार दिवस काम चाललं. यंत्रावर सिलिंडर आतून खरवडून गोल केलं, दगड फिरवून घासलं, वाढीव मापाचे पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या, नळी बदलली. इंजिन सुरू केलं तेव्हा धूर नव्हता. कण्हणं नव्हतं.

जनी ऐकत राहिली. "आत न्हाय ना त्यो?"

"नाही."

"मंग कुठं हाय?"

"ते मला नाही सांगता येणार, पोरी. मला इंजिनातलं कळतं."

तेव्हा ती रडली. वादळानंतर पहिल्यांदा, मोठ्याने, भिंतीला टेकून.

हिरामण दारातून म्हणाला, "जने, मी तुला पान्यात जाऊ देनार व्हतो."

"व्हय भावजी," ती म्हणाली. "देनार व्हतात."

ती डोळे पुसून बाहेर पडली.

भगत पिपाणी घेऊन आला, पण दुसऱ्या दिवशी ओहोटीला जनीला निरोप द्यायला दीडशे माणसं तयार होती. त्यांच्याकडे पिपाणी नव्हती. त्यांच्याकडे फक्त भीती होती, आणि फडकं सोडून बघायचं कुणाला सुचलं नाही. आवाज आला तर भ्या, भिण्यात लाज नाही. पण त्या भीतीपायी कुणाला पाण्यात धाडण्याआधी झाकण उघडा, आत हात घाला, आणि हाताला काय लागतं ते बघा.