दहा वाजून दहाचं विमान

“श्वाससुद्धा घेऊ नका कुणी!” आमचे हे गच्चीच्या मधोमध उभे राहून ओरडले, आणि आमच्या इमारतीतली दहा-बारा शहाणीसुरती माणसं खरोखरच श्वास रोखून उभी राहिली. माझ्या हातात ओल्या चादरीचं एक टोक होतं. दुसरं टोक पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी उगाचच धरून ठेवलं होतं. दहा वाजून दहा मिनिटं झाली आणि ते आलं. आधी घरघर, मग छातीत बसणारा गडगडाट. खाली कुणाच्या तरी खिडकीची काच थरथरली. वर नुसते ढग. दिसलं कुणालाच नाही, आणि गेलंसुद्धा.

सलग तिसरा दिवस होता हा. सगळे आभाळाकडे बघायचं सोडून ह्यांच्याकडे बघत होते.

“काय, विमानवाले? कुठलं?” मास्तरांनी विचारलं.

ह्यांनी डोळे उघडले आणि मिशीतल्या मिशीत हसले. “जुनंच. आपलं एका इंजिनाचं लढाऊ. चौदा वर्षं त्याच्या पोटात हात घालून बसलोय मी. मला झोपेत ऐकवा, सांगेन.”

हे तरुणपणी लष्करी विमानतळावर इंजिन मेकॅनिक होते. पुढे ती नोकरी सुटली, हे पंपाच्या कारखान्यात लागले, त्यालाही बावीस वर्षं झाली. पण आमच्या गल्लीत ह्यांचं नाव विमानवाले ते विमानवालेच. वरून काहीही गेलं, की हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, “मालवाहू. चार पंखे.” आणि ते बरोबर निघायचं. मी तोंडावर ह्यांची टिंगल करायची; पण खरं सांगते, बाजारात कुणी ‘विमानवाल्यांची मंडळी का तुम्ही?’ म्हणालं, की मला बरं वाटायचं.

“अहो, पण ती विमानं अकरा वर्षांपूर्वीच बंद झाली,” मास्तर म्हणाले. मास्तर भूगोलाचे, आणि घरात कात्रणांच्या फायली. “शेवटच्या उड्डाणाचा फोटो आला होता. आणून दाखवतो.”

“मग एखादं बाहेर काढलं असेल.”

“इंजिनं भंगारात गेली, साहेब!”

“मास्तर, तुम्ही नकाशे शिकवलेत. इंजिनं मी उघडलीत.” एवढं बोलून हे जिना उतरून गेले. मास्तरांच्या हातून चादर सुटली आणि माझं धुणं पुन्हा धुळीत.

त्या दिवशी गल्लीत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. तळमजल्यावरचा औषधवाला म्हणाला, शत्रूचं असणार, म्हणून तर पेपरात एक अक्षर नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी युद्धाच्या तयारीला दोन बादल्या पाणी भरून ठेवलं, आणि संध्याकाळी त्यातच भांडी विसळली. मास्तरांनी विमानतळाच्या कचेरीत फोन केला, तर अशी माहिती देत नाही म्हणून तिकडून फोन ठेवला. मग ह्यांनी आपल्या जुन्या जोडीदाराला फोन लावला. दोघांनी एकाच इंजिनावर वर्षानुवर्षं काम केलेलं. जोडीदार एवढ्या मोठ्यानं बोलत होता, की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. “अरे, ठिकाणावर आहेस ना? शेवटचं विमान मी स्वतःच्या खांद्यानं ढकलून शेडमध्ये लावलं. एकही उरलेलं नाही!”

ह्यांनी फोन ठेवला. “म्हातारा झाला तो,” मला म्हणाले. पण त्यानंतर तासभर खुर्चीतून हलले नाहीत.

“अहो, पण ते जाताना शेवटी शिट्टी वाजते, ती कसली?” मी विचारलं.

“कसली शिट्टी?”

“बारीक अशी. दाढेत कळ येते माझ्या.”

“तसलं काही वाजत नाही.”

“म्हणजे मी खोटं बोलते?”

“दिवसभर शिवणयंत्र चालवतेस. तेच बसलं असेल कानात.”

असा राग आला मला! तीस वर्षं लोकांचे कपडे उसवून शिवते मी, यंत्राचा आवाज काय आणि आभाळातला काय, एवढं कळत नाही होय? जेवणं होईपर्यंत मी ह्यांच्याशी अवाक्षर बोलले नाही. हेही बोलले नाहीत. आमच्या घरात हट्टीपणा दोघांत अगदी सारखा वाटलेला आहे.

चौथ्या दिवशी रविवार. सव्वादहाला मास्तर, औषधवाला आणि काकू अशी वरात आमच्या बाहेरच्या खोलीत आली. मास्तरांनी विमानाचा आवाज फोनमध्ये पकडला होता. “आता घरात बसून, शांतपणे ऐका, विमानवाले. मग बोला,” ते म्हणाले, आणि फोन टेबलावर ठेवला.

फोन लहानसा. त्यातून तो गडगडाट कुठला यायला! आली ती नेमकी शिट्टी, तीही सुईसारखी. काकूंनी पटकन दोन्ही कान झाकले. औषधवाल्यानं तोंड वाकडं केलं. माझी दाढ ठणकली. मास्तरांनाही सोसेना, त्यांनी मान फिरवली.

हे मात्र पुढे वाकून, कानामागे हात धरून बसले होते. शाळेत नाव पुकारायची वाट बघत बसावं, तसे. म्हणाले, “लावा की, मास्तर.”

मास्तरांनी वळून आधी फोनकडे, मग ह्यांच्याकडे बघितलं.

“अहो, लावा ना.”

“लावलंय की,” मास्तर म्हणाले. “वाजतंय.”

ह्यांनी फोनकडे बघितलं. मग काकूंकडे, त्यांच्या कानांवरच्या हातांकडे. मग औषधवाल्याकडे, मग माझ्याकडे. मी चेहरा सरळ करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

“पुन्हा एकदा लावा,” हे म्हणाले. मास्तरांनी पुन्हा लावलं. ह्या वेळी ह्यांनी कानामागे हात धरला नाही. आमच्या तोंडांकडेच बघत राहिले. शिट्टी सुरू झाली, की काकूंचे हात वर जात. थांबली, की खाली येत. ह्यांना तेवढं पुरलं.

“ठीक आहे,” म्हणाले. “चूक माझी. उद्या सांगतो, कुठलं ते.”

औषधवाल्याला काहीच उलगडलं नाही, तो विचारत होता, “म्हणजे जुनं नाही? मग आहे तरी कुठलं?” पण मास्तर समजले. त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

मला एकेक आठवायला लागलं. उशाशी गजर वाजत असायचा आणि हे पडून राहायचे, मी आळशी म्हणायची. नात फोनवर चिवचिव करायची आणि हे दोन शब्दांत फोन माझ्याकडे द्यायचे, मी माणूसघाणे म्हणायची. काय काय बोलले मी ह्यांना! माझे डोळे भरून आले, आणि ह्यांना ते दिसू नये म्हणून मी उगाच उशीचे अभ्रे काढत बसले.

“अगं, ते राहू दे. इकडे बस,” हे म्हणाले. “शिट्टी एक होती, की दोन?”

“एकच... नाही, थांबा. दोन असाव्यात. सारख्याच, पण एकमेकींच्या अंगावर चढल्यासारख्या. मध्येच जोर येतो, मध्येच कमी होतो.”

“झोके घेतल्यासारखा?”

“हो, तसंच.”

“दोन इंजिनं,” हे लगेच म्हणाले. “दोन इंजिनं एका वेगात कधी फिरत नाहीत, थोडा फरक राहतोच. त्यानं आवाज असा झुलतो. आपल्याकडे ते दोन इंजिनांचं नवीन आलंय, तेच हे. मी त्याला बोटही लावलेलं नाही.” मग खुर्चीत मागे टेकले. “वरचा आवाज काढून टाकला, की खाली उरतं ते सगळं आमच्या जुन्यासारखंच. म्हणजे आता मला प्रत्येक विमान जुनंच वाटणार.”

“उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ,” मी म्हणाले. “वयानं होतं असं. त्यात काय एवढं?”

“डॉक्टर नंतर,” हे म्हणाले. “आधी पंप.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारखान्यात पंप तयार झाला, की शेवटी ह्यांच्याकडे येतो. हे पंप चालू करून बेअरिंग ऐकतात. खराब बेअरिंग नवं असताना अगदी बारीक वाजतं. घरघरायला लागतं ते खूप नंतर, मोडायच्या बेतात आल्यावर. ते बारीक वाजणं पकडायचं, एवढंच ह्यांचं काम. ह्यांनी हो म्हटलं, की पंप गाडीत. पुढे तपासणी नाही.

“इस्पितळाच्या पंपांची गाडी उद्या निघणार आहे,” हे म्हणाले. “सगळे मीच पास केलेत.”

“एखादा खराब असला, तर तिथं लोक बघून घेतील ना,” मी म्हणाले. म्हणाले खरी. ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पुन्हा अभ्रे काढायला घेतले.

सोमवारी सकाळी हे मला कारखान्यात घेऊन गेले. फोरमन वयानं आमच्या मुलीएवढा. “काका, काकूंना कशाला त्रास?” म्हणाला.

“कान विसरलो होतो घरी, ते घेऊन आलोय,” हे म्हणाले. फोरमन हसला. हे हसले नाहीत, तेव्हा त्याचंही हसू मावळलं. ह्यांनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही, विमान, फोन, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे हात, सगळं. तो नुसता ह्यांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं फाटकावर ओरडून गाडी थांबवायला सांगितलं.

गाडीतून उतरवून छत्तीस पंप ओळीनं उभे केले. प्रत्येकावर खडूनं ह्यांची बरोबरची खूण. ह्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. “टोक इथं टेकव. मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मीट आणि खालची घरघर सोडून दे, तिच्या वर काही आहे का, ते बघ.”

पहिला पंप सलग चालला, तेल घातलेल्या यंत्रासारखा. दुसरा, तिसराही तसाच. सहावा झाला तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला. बघा, उगाच घाबरलात, असं म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी सातवा चालू केला.

त्यात ते होतं. अगदी बारीक, पण होतं.

नाही म्हणून टाकावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. फोरमन लांब उभा होता. ऐकणारी मी एकटी. हे वाकून पंपाकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, काल खोलीत बघत होते तसे. चौतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना लहानसहान पुष्कळ फसवलं आहे.

“काय?” ह्यांनी विचारलं.

“आहे,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

ह्यांनी पंप बंद केला. अंगठा ओला करून खडूची खूण पुसली, एकदा, मग आणखी एकदा, डाग राहू नये म्हणून. फोरमनला म्हणाले, “ह्या गाडीच्या आधी गेलेल्या पंपांची यादी काढून ठेव. सगळे परत ऐकावे लागतील.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मग माझ्यासाठी स्टूल आठव्या पंपाजवळ सरकवलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि म्हणाले, “बस. आणि घाई करू नकोस.”