टाकीवरची मेंढरं

गारखेड्यातल्या पाण्याच्या टाकीवर आमचे हे राखणदार. टाकी नवी, उंच, पण दुष्काळात धरणच आटलं, मग राखायचं काय कपाळ? अशा कोरड्या टाकीवर चित्र काढायला तनुजा नावाची पोरगी मशीन घेऊन आली. तारांना लटकून ते आपलंआपण सरकायचं अन् रंग फवारायचं. टाकीच्या पोटाखाली, जिथं शिडी लागत नाय, तिथंबी.

आम्ही धनगर म्हणल्यावर तिनं मेंढरंच काढायची ठरवली. "काका, तुमच्या मेंढरांवर खूण काय असायची?"

"ढुंगणावर तांबडा पट्टा," हे म्हणले.

मी चुलीपाशी होते, मला काय ऐकू गेलं नाय. दुसऱ्या दिवशी वर बघते तर सगळी मेंढरं तांबड्या पट्ट्याची. माझं डोकंच फिरलं. वाटणीत जुनी खूण थोरल्याकडं जाते, तशी ती पिशोरला माझ्या थोरल्या दिराकडं, पुंजाराम भाऊजींकडं गेली. आमच्या वाट्याला मानेवर निळा ठिपका. त्यावरनं तेव्हापासून भावाभावांत अबोला. पुढं दुष्काळात दोघांचीबी मेंढरं विकली गेली, अबोला तेवढा राहिला.

"अवो, भाऊजींना कळलं तर म्हणतील, मुंजाबानं माझी खूण चोरली. मग मेल्यावरच तोंड बघायचं का एकमेकाचं?"

हे तंबाखू मळत बसले. लई राग आला मला. मी सरळ तनुजाला गाठलं. "बाई, पट्टे पुसून निळे ठिपके कर."

"करते काकू, पण आत्ताच. संध्याकाळी मशीन उतरवलं की तिथं पोचता येणार नाही."

तेवढ्यात फाटकातून भाऊजीच आत आले. कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवला असणार. मी पदर सावरला. ते मान वर करून किती तरी वेळ बघत राहिले.

"मुंजा, यातली तुझी कोणती?"

हे उठून उभे राहिले. "वाटणीच्या आधीची हायेत, दादा."

भाऊजी हळूच म्हणले, "पट्टा जरा खाली आलाय. आपला बा वर वढायचा."

"व्हय, वरच वढायचा."

दोघं टाकीच्या सावलीत शेजारी शेजारी बसले. मला रडूच फुटलं. तनुजा माझ्याकडं बघत थांबली होती, निळा रंग भरू का म्हणून.

"नको," मी म्हणलं, "तेवढा पट्टा वर घे अन् उतरव मशीन."