तरंगलो, हाच गुन्हा

मी एक अंडं बोलतोय. स्वस्थ बसणं मला जमत नाही. आकारच असा, की ओट्यावर ठेवलं की घरंगळायला लागतो; म्हणून कुणी ना कुणी मला खाचेत बसवत आलंय. आधी कोंबडीच्या पोटाखाली, मग पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, आणि कालपासून या घरात.

मला आणलं धाकट्या सुनेनं. लग्न होऊन महिना झालाय तिला. बोलते कमी, बघते फार. आज दुपारी मोठ्या दिरांची मुलगी, घरची चिमणी, तिच्यामागे लागली, "काकू, कंटाळा आलाय. काहीतरी कर ना."

काकूनं काचेच्या भांड्यात पाणी घेऊन मला आत सोडलं. मी थेट तळाशी. मग ती मीठ घालून ढवळत राहिली. किती चमचे, मोजायला मी शांत कुठे होतो! एकदम तळ सुटला आणि मी वर.

"अय्या, पोहायला लागलं!"

"ते आहे तसंच आहे गं. पाणी जड झालंय. याच्याएवढ्या जागेत मावणारं पाणी आता याच्यापेक्षा जड भरतं, म्हणून याला वर ढकलतं."

चिमणीला बाबांना दाखवायचं होतं, म्हणून भांडं तसंच राहिलं. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांची परीक्षा ठरलेली: बुडालं तर ताजं, तरंगलं तर गेलेलं. मला बघून आठ्या पडल्या. ट्रेमधली बाकी पाचही त्यांनी आत सोडली. सगळी वर.

"सहाच्या सहा नासकी! नवी सून बघून दुकानदारानं गळ्यात मारली हो तुझ्या."

काकू "आई, ते..." म्हणेपर्यंत मी निघालो कचऱ्याच्या डब्याकडे. आतला बलक नुसता खालवर. कालचा ताजा मी, आणि नासका म्हणून जायचं?

"आजी, थांब! आधी ते पाणी चाख."

"शी! समुद्र आणून ठेवलाय का घरात?"

काकूनं दुसरं भांडं नळाखाली धरलं. चिमणीनं मला त्यात सोडलं. मी बुडालो. बुडताना इतकं हायसं कुणाला वाटलं नसेल.

"मग सांगायचं नाही का गं?" सासूबाई म्हणाल्या.

"सांगणारच होते, आई. तुम्ही डब्यापर्यंत पोचलात."

सासूबाईंना हसू आवरेना. "बरं बाई, ताजी आहेत. ठेव उकडायला."

ताजं ठरण्याचा अर्थ हा, हे मला आधी सुचलंच नव्हतं! आता पातेल्यात बुडबुडे यायला लागलेत. एकच मागणं आहे: पुढच्या वेळी कुणाला नासकं म्हणण्याआधी त्याच्याभोवतीचं पाणी चाखून बघा. येतो. बाहेर निघेन तेव्हा दिसेन असाच. आतून मात्र घट्ट झालेलो असेन.